पुरीत दोन खोल्या: वऱ्हाडातून माघातले पाच दिवस

निघायच्या आधी

कापसाची शेवटची वेचणी झाली, तूर घरात आली आणि हरभरा घाट्यावर आला की वऱ्हाडात आठ-दहा दिवसांची फट सापडते. पुरीला जायचं तर तीच वेळ. उन्हाळ्यात तिथल्या दमट हवेनं आपला कोरड्या उन्हाला सरावलेला माणूस हबकतो. आषाढात रथयात्रा. दुर्गापूजेच्या सुट्ट्यांत बंगालमधल्या पाहुण्यांनी किनारा भरून जातो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात उपसागरात वादळं उठतात. माघात यातलं काही नसतं. टाळायची ती फक्त रथसप्तमी. त्या पहाटे कोणार्कजवळच्या चंद्रभागेच्या किनाऱ्यावर स्नानाला एवढी माणसं लोटतात की पुरी-कोणार्क रस्त्यावर गाडी हलत नाही.

म्हणून अडगाव-तेल्हारा भागातला चौदा जणांचा जथा सप्तमी उलटल्यावर, नवमीला अकोल्याहून निघाला. सहा जण साठीच्या पुढचे, दोन लेकरं. अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर करत थेट पुरीला जाणाऱ्या गाड्या आहेत, पण सगळ्या रोज नसतात. आधी गाडीचा वार पाहायचा, मग तिथी. गाडीबद्दल एवढं पुरे.

खोलीबद्दल मात्र सांगण्यासारखं बरंच आहे, कारण राहायच्या दृष्टीनं पुरी एक नाही, तीन आहेत. पहिली देवळाभोवतीची: बडदांड नावाचा रुंद रथमार्ग, त्याच्या दोन्ही अंगांना धर्मशाळा, आणि मंदिर प्रशासनाची भक्तनिवासं. दुसरी स्वर्गद्वाराची: समुद्र, बाजार, खाणावळी आणि लॉजच लॉज, सगळं खेटून. तिसरी चक्रतीर्थ रोडची: स्टेशनच्या बाजूचा किनारा, जुनी घरं, छोटी गेस्ट हाऊस, सुरूची झाडं, गर्दी कमी. देऊळ आणि समुद्र यांच्यात दीड-दोन किलोमीटरचं अंतर आहे. नकाशावर ते काहीच वाटत नाही. पण म्हाताऱ्या माणसांना पहाटे पाचला देवळात न्यायचं असेल आणि लेकरांना दिवसभर वाळूत खेळू द्यायचं असेल, तर एकाच खोलीतून दोन्ही होत नाही. पाच दिवस हाताशी असतील तर पहिल्या दोन रात्री देवळाकडे आणि पुढच्या दोन समुद्राकडे राहावं. सामान एकदा हलवावं लागतं, पण रोजची चार टोटोंची, म्हणजे बॅटरीच्या रिक्षांची, ये-जा वाचते.

स्वर्गद्वाराची खोली घेण्याआधी एक माहीत असू द्या. स्वर्गद्वार हे पुरीचं स्मशान आहे आणि तिथं चिता रात्रंदिवस जळतात. तिथं देह ठेवणं पुण्याचं मानतात, त्यामुळे लांबून माणसं येतात. श्रद्धेच्या अंगानं पाहिलं तर खटकण्यासारखं काही नाही, पण वारा फिरला की धूर खिडकीतून आत येतो. जाहिरातीत ‘समुद्रासमोर’ एवढंच लिहिलेलं असतं. फोनवर सरळ विचारावं: स्मशानापासून किती लांब?

पहिला दिवस, दशमी

स्टेशनाबाहेर पाऊल ठेवलं की टोटोवाले गराडा घालतात. त्यातले काही जण म्हणतात, “तुमचं लॉज बंद पडलं, रस्ता खोदलाय, दुसरं चांगलं दाखवतो.” दुसऱ्या लॉजवर त्यांना कमिशन असतं. उपाय सोपा आहे. टोटोत बसण्याआधीच भक्तनिवासाला किंवा गेस्ट हाऊसला फोन लावायचा आणि तो टोटोवाल्याच्या कानाला द्यायचा. पुढचं बोलणं ओडियात होतं आणि दोन मिनिटांत मिटतं.

मंदिर प्रशासनाची भक्तनिवासं चार नावांनी प्रसिद्ध आहेत: नीलाचल, नीलाद्री, श्री गुंडिचा आणि पुरुषोत्तम. खोल्या ऑनलाइन मिळतात. एकादशी, पौर्णिमा किंवा सुट्टी गाठायची असेल तर तारीख ठरताच ठरवून टाका. कोणतं निवास देवळापासून किती लांब, ते नावावरून कळत नाही, नकाशावरच पाहावं. प्रत्येक माणसाचं मूळ आधार कार्ड हवं, मोबाइलमधला फोटो सगळीकडे चालत नाही. शेगावच्या भक्तनिवासाची सवय असलेल्यांनी तो गज मात्र घरी ठेवून यावा. शेगावसारखी आरशासारखी फरशी इथं नाही. खोल्या साध्या, पलंग टणक, पाणी किंचित मचूळ. पण देऊळ पायाखाली, आणि रात्री अकरालाही बाया-माणसं एकटी ये-जा करतात.

पुरीची एक रीत पहिल्यांदा जाणाऱ्याला घोळात टाकते. पुष्कळ लॉज आणि गेस्ट हाऊसमध्ये खोली सोडायची वेळ दुपारी बाराची नसून सकाळी सात किंवा आठची असते. संध्याकाळी पाचला पोचलात तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एक दिवस भरतो. काही ठिकाणी मात्र आल्यापासून चोवीस तास मोजतात. खोली ठरवताना ‘भाडं किती’ याच्या आधी ‘खोली किती वाजता सोडायची’ हे विचारा.

संध्याकाळी बडदांडावर फिरायला जावं, दर्शनाला नको. सूर्यास्ताच्या सुमारास चुनरा सेवक देवळाच्या शिखरावर चढून नीलचक्रावरचा झेंडा बदलतो. २१४ फुटांचं शिखर, पाठीला नव्या झेंड्यांचं बोचकं, कमरेला दोर नाही. खाली रस्त्यावर माणसं माना वर करून उभी राहतात. झेंडा फडकला की एकच गजर होतो आणि मग सगळे आपापल्या वाटेला लागतात. फोटो काढायचा तर रस्त्यावरूनच, कारण आत मोबाइल नेता येत नाही.

सिंहद्वारासमोरचा काळा खांब नीट पाहण्यासारखा आहे. हा अरुणस्तंभ. एका दगडाचा, सोळा पैलूंचा, सुमारे ३३ फूट उंच, आणि टोकाला सूर्याचा सारथी अरुण हात जोडून बसलेला. मुळात तो कोणार्कचा. अठराव्या शतकात ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे असताना मराठ्यांनी तो इथं आणून उभा केला. १७५१ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दी खानाशी झालेल्या तहानं ओडिशा भोसल्यांकडे आला आणि १८०३ मध्ये गेला. गेला कसा, ते अडगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावच्याच शिवारात इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेला हरवलं. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजींनी कटक प्रांत कंपनीला लिहून दिला. पुरी इंग्रजांनी सप्टेंबरातच घेतली होती, देवगावात त्यावर सही तेवढी झाली. खांबापाशी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या पंड्याला हे सांगितलं, तर त्यानं ‘नागपूर’ हा शब्द ऐकताच मान डोलावली आणि म्हणाला, मग तुम्ही पाहुणे नाहीच, जुने घरवाले.

दुसरा दिवस, माघी एकादशी

पंढरपूरच्या चार मोठ्या वाऱ्यांपैकी एक माघी. ती सोडून पुरीला यायचं म्हणून जथ्यातल्या माळकरी आजींनी निघतानाच बजावलं होतं: उपास मोडणार नाही. त्यांच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू, राजगिरा आणि भगर बांधून घेतली होती.

दर्शनाला पहाटे लवकर जावं. पूजाविधी चालू असतात तेव्हा मधेच दर्शन थांबतं, आणि कोणत्या दिवशी किती वेळ थांबेल ते त्या दिवशीच्या विधींवर अवलंबून असतं. त्यामुळे ‘अमुक वाजता दर्शन’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मोबाइल, कॅमेरा, चामड्याचा पट्टा आणि पाकीट खोलीवरच ठेवा. दाराजवळ मोबाइल-चपला ठेवायचे काउंटर आहेत, पण तिथं परतताना वेगळी रांग लागते. १ जानेवारी २०२४ पासून कपड्यांचा नियम आहे: हाफ पँट, फाटक्या जीन्स, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. लुगडं, धोतर, पायजमा, साधी पँट, सगळं चालतं. त्याच दिवसापासून आत पान-गुटखाही बंद झाला. आपल्याकडच्या मंडळींनी खिशातल्या खर्ऱ्याच्या पुड्या आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवाव्यात.

सिंहद्वारातून आत गेलं की बावीस पायऱ्या, बाईसी पहाच. पायऱ्या रुंद आहेत, पण दगड पायांनी गुळगुळीत झालेला आणि पाणी सांडलेलं. गुडघेदुखीच्या माणसाच्या दोन्ही बाजूंना एकेक जण हवा. ज्यांना चढणं जमणारच नाही त्यांच्यासाठी सिंहद्वारातच पतितपावन जगन्नाथाची मूर्ती आहे, ती रस्त्यावरूनही दिसते.

पंढरपूरसारखं पायावर डोकं ठेवणं इथं नाही. लांबून, गर्दीच्या रेट्यात, क्षण-दोन क्षण दिसतात ते डोळे. जगन्नाथाला ओडियात ‘चकाडोळा’ म्हणतात, चाकासारख्या गोल डोळ्यांचा. शब्द कानावर पडला तेव्हा आपल्याच घरातला वाटला. ओडियात ळ आहे, ण आहे. हिंदीतलं ‘पानी’ इथं आपल्यासारखं ‘पाणि’ होतं. गंमत अशी की आपल्या वऱ्हाडीत त्याच डोळ्याचे ‘डोये’ झाले, आणि हजार किलोमीटरवर ळ जसाच्या तसा ऐकू आला.

आत पंडे गाठतात. काही मायेनं माहिती सांगतात, काही ताटावर हात ठेवून आकडा सांगतात. वाद घालण्यापेक्षा दक्षिणेची रक्कम घरूनच ठरवावी, ती सुट्ट्या नोटांत वरच्या खिशात ठेवावी आणि बाकीचे पैसे आत नेऊच नयेत. कुणी वही पुढे करून आधीच्या यात्रेकरूंच्या मोठ्या देणग्या दाखवल्या तर हात जोडायचे आणि चालू लागायचं.

मग आनंदबजार. देवळाच्या आवारात ईशान्येच्या कोपऱ्यात महाप्रसादाचा बाजार भरतो. मातीच्या कुडुआमध्ये, म्हणजे मडक्यात, भात, वरण, बेसर, महुर, कनिका. स्वयंपाक लाकडाच्या चुलीवर, मडक्यावर मडकं रचून होतो, आणि त्यात बटाटा, टोमॅटो, कांदा, लसूण नसतो. कनिका हा तुपातला गोडसर पिवळा भात, लेकरांना लगेच आवडतो. बेसर म्हणजे मोहरीच्या वाटणातली भाजी, आपल्या जिभेला पहिल्या घासाला कडवट लागते. दुपारी गरम माल येतो, तेव्हाच जावं. दर मडक्याच्या आकारावर असतो. घेण्याआधी दोन-तीन जणांकडे विचारा आणि मडकं उघडून आत किती आहे ते पाहा. चौदा जणांना भाताची दोन मोठी मडकी, वरण-भाजीची तीन मध्यम आणि कनिकेचं एक भरपूर झालं, उलट उरलंच. खाली बसून केळीच्या पानावर खायचं. इथं जात विचारत नाहीत, उष्टं मानत नाहीत. शेजारच्या अनोळखी माणसानं आपल्या पानातला घास पुढे केला तरी तो घेतात.

आजी लांब उभ्या होत्या.

“अवं माय, एकादशीले भात? मी नाई खात बाप्पा.”

मडकी विकणाऱ्या सेवकानं काय चाललंय ते विचारलं. समजल्यावर तो हसला नाही, उठून जवळ आला. त्यानं हिंदीत सांगितलं ते असं: इथं जगन्नाथानं एकादशीला उलटी टांगून ठेवलं आहे, महाप्रसादासमोर तिचं काही चालत नाही. खाल्लं तर व्रत मोडत नाही, आणि नाही खाल्लं तर महाप्रसादाला नाही म्हटल्यासारखं होतं. आजींनी हा निवाडा बराच वेळ मनात घोळवला. मग म्हणाल्या, “त्याच्या घरी आलो त त्याचंच आयकाव लागन.” बोटानं दोन शितं उचलली, कपाळाला लावली आणि तोंडात टाकली. रात्री खोलीवर आल्यावर राजगिऱ्याचा लाडूही खाल्ला. दोन्ही घरं राखली.

एकादशीचा मुक्काम घेण्यामागं आणखी एक कारण आहे, ते फार जणांना माहीत नसतं. एकादशीच्या रात्री शिखरावर नीलचक्रापाशी महादीप लावतात. बडदांडावरून तो वर टिमटिमताना दिसतो. समुद्राकडे राहिलेली माणसं तोवर मासे-भात खाऊन झोपायच्या तयारीत असतात.

घरी न्यायला सुखिला घ्या, म्हणजे कोरडा प्रसाद. खाजा हा आपल्या चिरोट्याच्या कुळातला: मैद्याचे पदर, तळून पाकात घातलेले. पाक सुटा सुकलेला पाहून घ्या. ओलसर खाजा डब्यात बंद केला की दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. वाळवलेल्या महाप्रसादाच्या भाताची छोटी पुडी निर्माल्य म्हणून मिळते. ती हलकी, टिकाऊ आणि गावात वाटायला सगळ्यात सोयीची.

तिसरा दिवस, समुद्राकडे

सकाळी साडेसातला देवळाकडची खोली सोडली, आठला चक्रतीर्थ रोडवर दुसरी घेतली. ती सात-आठची वेळ इथं कामी येते, कारण दोन्हीकडचा दिवस एकाच वेळी बदलतो आणि अर्ध्या दिवसाचं भाडं वाया जात नाही.

गेस्ट हाऊस म्हणजे जुनं दुमजली घर, पुढे व्हरांडा, मागे स्वयंपाकघर. चालवणाऱ्या बाईंना सगळे मउसी म्हणतात. आपण मावशी म्हणावं, फरक कळतसुद्धा नाही. खोली ताब्यात घेण्याआधी काय पाहायचं ते सांगतो, कारण समुद्राकाठच्या खोल्यांची दुखणी आपल्याकडच्या लॉजसारखी नसतात.

खारा वारा लोखंड खातो. खिडकीची कडी, बाथरूमचं दार, गिझरची जोडणी आणि पंख्याचं बटण एकदा चालवून पाहा. कडी गंजली असेल तर रात्री वाऱ्यानं खिडकी आपटते आणि झोप होत नाही. तळमजल्याच्या भिंतींना ओल असते, गादीला वास येतो. म्हाताऱ्या माणसांना जिने नकोत म्हणून तळमजला घ्यायचा झाला तर गादी उलटून हात लावून पाहा. नळाला बोअरचं मचूळ पाणी आलं तर साबणाला फेस येत नाही, केस चिकट होतात. शेवटच्या दोन बादल्या गोड्या पाण्याच्या मिळतील का ते विचारावं. बहुतेक ठिकाणी अंगणात पाय धुवायचा वेगळा नळ असतो. वाळूचे पाय बाथरूममध्ये धुतले की मोरी तुंबते, आणि ती उघडायला तासभर कुणी येत नाही. कपडे वाळायला आपल्यासारखा एक तास पुरत नाही. सुती लुगडं संध्याकाळपर्यंत दमटच राहतं, म्हणून समुद्रात जायला वेगळा जुना जोड ठेवा. जेवण सांगताना ‘मोहरीचं तेल नको’ हे आदल्या रात्रीच सांगायचं. पोळी हवी असेल तर तीही. आयत्या वेळी फक्त भात मिळतो.

मउसींच्या नाश्त्याला बरा आणि घुगुनी होती. उडदाचे वडे आणि वाटाण्याची उसळ म्हटलं तरी चालेल. दुपारी डालमा: डाळीतच कच्ची पपई, भोपळा, वांगं शिजवलेलं, वरून पंचफुटणाची फोडणी. दोन दिवस भात खाऊन कंटाळलेल्यांनी बरोबर आणलेली ज्वारीची भाकरी त्यात कुस्करली आणि ठेच्याची डबी उघडली. मउसींनी बोटाच्या टोकावर ठेचा घेऊन चाखला, ‘बाप रे’ म्हटलं आणि डबी स्वतःकडे ठेवून घेतली.

आता समुद्र. पुरीचा किनारा उथळ नाही, सपाटही नाही. पाच-सहा पावलांत तळ उतरतो, लाट मागे जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, आणि तोल जातो तो तिथं. पोहता येतं म्हणून गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नये. किनाऱ्यावर पांढऱ्या, टोकदार टोप्या घातलेले नोलिया दिसतील. हे कोळी समाजाचे जीवरक्षक. थोडे पैसे ठरवून एकाला बरोबर घ्यावं. तो हात धरून लाटेत नेतो आणि लाट कशी घ्यायची ते शिकवतो: तिच्याकडे पाठ करायची नाही, आडवं उभं राहायचं, डोक्यावरून आली तर बसकण मारायची. सोन्याचे दागिने आणि जोडवी खोलीवर काढून ठेवा. ओल्या वाळूत पडलेली वस्तू सापडत नाही. कपडे बदलायची नीट सोय हवी असेल तर गोल्डन बीचचा ब्लू फ्लॅग मिळालेला पट्टा बरा. तिकीट आहे, पण न्हाणीघरं आणि स्वच्छ वाळू आहे.

जथ्यातल्या आबाजींनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. अर्धा तास काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, “हे पाणी लोकाईच्या वावरात नाई शिरत का?”

शिरतं. ३ मे २०१९ ला फनी वादळ पुरीजवळच किनाऱ्याला धडकलं तेव्हा शहराची वीज, छपरं, सुरूची झाडं सगळं गेलं होतं. मउसींच्या व्हरांड्याचे पत्रे तेव्हापासून नवे आहेत.

चौथा दिवस, कोणार्क

कोणार्क पुरीपासून सुमारे ३५ किलोमीटर. रस्ता किनाऱ्यालगत, बालुखंड अभयारण्याच्या सुरू आणि काजूच्या झाडांतून जातो. पहाटे अंधारात कधी चितळ आडवं येतं, ड्रायव्हरला सावकाश चालवायला सांगावं. साडेचारला निघालं की उजाडायच्या आत चंद्रभागा गाठता येते.

चंद्रभागा हे नाव ऐकून माळकरी मंडळी गाडीत सावरून बसली. पंढरपूरची नदी अठी कशी? ही चंद्रभागा वेगळी. कधीकाळी नदीचं मुख होतं म्हणतात, आता समुद्रकिनारा आणि लहानसं तळं. माघी हुकली पण चंद्रभागा मिळाली, एवढ्यावर सगळे खूश झाले. समुद्रात मात्र घोट्याच्या पुढे जाऊ नये, इथलं पाणी पुरीपेक्षाही दगाबाज आहे. सूर्य वर यायच्या आधी गार वारा झोंबतो. पाच दिवसांत स्वेटर लागला तो या एका पहाटे आणि रेल्वेत.

तिथून देऊळ तीन किलोमीटर. सकाळी लवकर आत जावं, दहानंतर फरशी तापते आणि सहलींच्या बस येतात. तिकीट मोठ्यांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. तेराव्या शतकात राजा नरसिंहदेव पहिला यानं सूर्याचा रथ म्हणून बांधलेलं हे देऊळ: चोवीस चाकं, सात घोडे. मूळ शिखर पडून गेलं आहे. जे उंच दिसतं ते जगमोहन, म्हणजे पुढचा मंडप, आणि तो कोसळू नये म्हणून इंग्रजांनी १९०३ मध्ये आत वाळू भरून बंद केला. म्हणून आत जायला दार शोधू नका. गाइड घ्यायचा तर ओळखपत्र असलेला घ्या. चाकाच्या आसावर बोट धरून आऱ्यांवर पडणाऱ्या सावलीवरून वेळ सांगायचा खेळ तो दाखवतोच. ढग नसतील तर जमतो. शिल्पांत रतिक्रीडेचे भाग बरेच आहेत. लेकरं, सासू आणि सून एकत्र असतील तर गाइडला आधीच हळू सांगून ठेवा, तो वाट वळवून नेतो. आम्ही सांगितलं नव्हतं. आजींनी एकदा पाहिलं, म्हणाल्या “दगडाचे हायत ना, मंग काय,” आणि पुढे चालू लागल्या.

पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. परतीला रामचंडीचं देऊळ लागतं, नदी आणि समुद्र मिळतात तिथं. नारळपाणी आणि तासभर सावली, त्यापेक्षा जास्त वेळ नको.

पाचवा दिवस, सातपाडा आणि रघुराजपूर

चिलिका सरोवर मोठं आहे आणि त्याचे घाट वेगवेगळ्या गोष्टींसाठी आहेत. डॉल्फिन पाहायचे तर सातपाडा, पुरीपासून सुमारे ५० किलोमीटर. कालीजाईच्या बेटाला जायचं तर बालुगाव-बरकूल. हिवाळी पक्षी जवळून पाहायचे तर मंगलाजोडी, आणि ती उत्तरेच्या बाजूला आहे, सातपाड्याहून होत नाही. ‘चिलिका दाखवतो’ म्हणणाऱ्या गाडीवाल्याला विचारा, कोणता घाट?

बोट फलकावरचा दर पाहून, तासांवर ठरवा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. इरावडी डॉल्फिन सहसा उड्या मारत नाही. बोथट डोकं आणि पाठीचा छोटा पर वर येतो, श्वास घेतो, बुडतो. इंजिन बंद करायला लावलं तरच जवळ दिसतो. बोट पाठलाग करत राहिली तर तो लांब जातो आणि बोटवाल्याचा वेळ तेवढा भरतो.

मधे एखाद्या वाळूच्या बेटावर बोट थांबते. माणूस बादली घेऊन बसलेला असतो, तुमच्यासमोर शिंपले फोडतो. पाचव्या-सहाव्यात मोती, कधी पोवळं, कधी चमकणारा खडा. “ताजा आहे, घ्या.” जरा हात पाहत राहा. शिंपला फोडताना अंगठा आत जातो तेव्हाच खडा आत जातो. मोती असे ओळीनं सापडत नाहीत, आणि पोवळं तर शिंपल्यात होतच नाही. टबमध्ये ठेवलेले लाल खेकडे दाखवायचेही पैसे मागतात. खरे लाल खेकडे राजहंस बेटाच्या वाळूत असतात, पाऊल वाजलं की बिळात गडप. ते फुकट दिसतात.

परत आल्यावर दुपारनंतर रघुराजपूर, पुरी-भुवनेश्वर रस्त्यावर चंदनपूरला वळून. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्रा याच गावचे, जन्म १९२६. दोन रांगांत घरं, प्रत्येक भिंत रंगवलेली, प्रत्येक ओसरीत कुणीतरी पट्टचित्र काढत बसलेलं. ‘नुसतं पाहायचंय’ असं सुरुवातीलाच सांगितलं की कुणी मागे लागत नाही. बहुतेक जण उलट बसवून घेतात.

पट्ट कसा होतो ते एका घरात पाहिलं. जुन्या सुती कापडाचे दोन थर चिंचोक्याच्या खळीनं एकमेकांना चिकटवायचे. वर खळीत कालवलेली खडूची भुकटी, दोन्ही बाजूंनी. उन्हात वाळवायचं, मग गुळगुळीत दगडानं घासत बसायचं, कापड चामड्यासारखं होईपर्यंत. पांढरा रंग शंखाचा, लाल हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, काळा दिव्याच्या काजळीचा. चिंचोक्याची खळ म्हटल्यावर आबाजी पुढे सरकले. “आमच्याकडं धनगर घोंगडीले देतात थे हेच. रातभर भिजू घालतात, मंग वाटतात.” चित्रकारानं चिंचोके किती दिवस भिजवतो ते सांगितलं, आबाजींनी घोंगडीचं सांगितलं, आणि दोघांच्या मधे कुणी दुभाषा नव्हता.

विकत घेताना छापील आणि हातचं ओळखायची खूण: चित्र तिरकं धरून उजेडात पाहा. हातच्या चित्रात रंगाचे थर किंचित उचललेले दिसतात आणि काठावरच्या वेलबुट्टीतली दोन पानं कधी तंतोतंत सारखी नसतात. मागची बाजूही पाहा, तिथं खडूचा थर हवा. गुंडाळून न्यायचं तर चित्र बाहेरच्या बाजूला ठेवा, आत ठेवलं तर रंगाला चिरा पडतात. ताडपत्रावरची कोरीव चित्रं दोऱ्यात ओवलेली असतात, ती घडी करून पिशवीत राहतात आणि प्रवासात सगळ्यात सुखाची.

गाडी रात्रीची होती आणि खोली सकाळी आठलाच सुटलेली. अशा वेळी सामान ठेवायला आणि निघण्याआधी अंघोळीला एक न्हाणीघर, एवढं आदल्या दिवशी ठरवून घेतलं तर बहुतेक गेस्ट हाऊस थोड्या पैशांत देतात. मउसींनी माणशी एक बादली गरम पाणी लावलं होतं, हिशेबात वेगळं लिहून. चौदा बादल्या. त्यांनी लिहिल्या बारा, दोन लेकरांच्या धरल्या नाहीत, आणि ठेच्याची रिकामी डबी धुऊन परत दिली.